नवकल्पना क्रमांक सत्तेचाळीस

तंत्रज्ञानाच्या कंपनीची भरभराट तिच्या नवकल्पनांवर अवलंबून असते, हे आता सर्वांना मान्य आहे. (ज्यांना मान्य नव्हतं, त्यांची नावं दिल्लीला कळवली आहेत.)

मोहालीतल्या एका सरकारी कंपनीत फ्रिजचे व्होल्टेज स्टॅबिलायझर बनत. एकोणीसशे एकोणऐंशीत तिथे परिपत्रक निघालं: ३१ मार्चपर्यंत ज्याच्या नावावर एकही नवकल्पना नसेल, त्याच्या बदलीच्या अर्जाचा विचार होणार नाही. तपासणी विभागातल्या विश्रामरावांनी ते तीनदा वाचलं. पुण्याला बदलीचा त्यांचा अर्ज सहा वर्षं फायलीत मुरत होता. त्यांच्या पत्नी अहिल्याबाईंनी तर त्या भरवशावर कैरीच्या लोणच्याची बरणी, पुण्यातच उघडायची म्हणून, फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवली होती.

इतर विभागांनी धडाका लावला. बटण डावीकडून उजवीकडे गेलं (क्र. ११). उजवीकडून डावीकडे आलं (क्र. १९, सुधारित). पॅकिंगवाल्यांनी खोक्याच्या सहाही अंगांना ‘ही बाजू वर’ छापलं. वर्षभरात शेहेचाळीस नवकल्पना झाल्या आणि विक्री निम्म्यावर आली. यावरून साहेबलोकांनी बिनचूक निष्कर्ष काढला, की नवकल्पना कमी पडताहेत.

विश्रामरावांकडे खरं तर एक होती. स्टॅबिलायझरची पेटी जळते ती आतल्या एका फालतू भागामुळे, हे त्यांनी शोधलं होतं. तो भाग काढला की ती तापत नाही, घुमत नाही. तशी एक पेटी त्यांच्या घरी दोन उन्हाळे मुकाट चालत होती.

नवकल्पनांची नोंद करणाऱ्या भल्लासाहेबांनी त्यांचा फॉर्म उलटसुलट पाहिला. “विश्रामजी, फॉर्म में लिखा है, ‘क्या जोड़ा’. आपने तो निकाला है!”

“पर साहब, चलता है.”

“चलता तो है जी. कॉलम नहीं है.”

घरी अहिल्याबाई म्हणाल्या, “अहो, मग जोडा की काहीतरी! एखादा दिवा लावा.”

एकोणतीस मार्चला विश्रामरावांनी, इकडंतिकडं बघत, लाल दिवा जोडला. पेटी बिघडली की लागणारा. (फालतू भाग जागेवरच राहिला. त्याला रकाना नव्हता.)

पुढचं सगळं इतिहासात जमा आहे. पेट्या पूर्वीइतक्याच जळत, पण आता कळवून जळत. ‘पूर्वसूचनेविना बिघाड’ या सदरातल्या तक्रारी शून्यावर आल्या. शेजारच्या चंदीगडात, सेक्टर बावीसच्या दुकानांत “वो बत्तीवाला देना जी” म्हणत झुंबड उडाली. विक्री तिप्पट! दिवा लागला की लोक नवी पेटी न्यायला येत, तीही बत्तीवालीच.

विश्रामरावांना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि एक पत्र: एवढ्या कल्पक माणसाला सोडणं राष्ट्राला परवडणारं नसल्यामुळे बदली कायमची रद्द. हिरवा दिवा कधी देता?

अहिल्याबाईंनी पत्र वाचलं, ट्रंक उघडली, बरणीचं फडकं सोडलं आणि विश्रामरावांच्या ताटात लोणच्याची फोड वाढली. “मुरलंय छान,” एवढंच म्हणाल्या.

कोपऱ्यात घरची पेटी मुकाट चालत होती. तिच्याकडे बघून धाकटी स्मिता फुरंगटून म्हणाली, “पापा, अपनेवाले में बत्ती क्यों नहीं है? सबके घर में है!”

हसू नका. दुकानात दोन्ही पेट्या शेजारी मांडल्या असत्या, तर तुम्हीही हेच विचारलं असतं. आणि घरी दिवा लागल्यावर शेजाऱ्यांना हाक मारून दाखवला असता.