तिसरा खंड कापला!

"तो कादंबरीकार माझ्या कपाटात जितका सुखात आहे ना, तितका स्वतःच्या घरीसुद्धा राहिला नसेल!" चष्म्यांच्या दुकानाचे मालक छाती ठोकून सांगत, आणि ते खरंच होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या त्या कादंबरीकाराच्या पहिल्या आवृत्त्या मिळवण्यात चष्मेवाल्यांनी निम्मं आयुष्य घालवलं होतं. पुस्तकांना ऊन लागू नये म्हणून खोलीला जाड पडदे! स्वतःच्या बनियनला भोकं, पण पुस्तकांना मलमलीची वेष्टणं!

मात्र त्यातलं एकही त्यांनी वाचलेलं नव्हतं. "उघडलं की पाठ मोडते!" ते म्हणत. पुस्तकाची. त्यांची नव्हे.

या संग्रहाचा मुकुटमणी म्हणजे एका कादंबरीचा तिसरा खंड. त्याची पानं छापखान्यातून आली तशीच कडेला जोडलेली होती, कुणी कधी सुरी लावलीच नव्हती. म्हणजे जन्मल्यापासून कुणीही न वाचलेलं पुस्तक! या खंडावर एका निवृत्त न्यायाधीशांचा डोळा होता आणि न्यायाधीशांकडच्या, खुद्द कादंबरीकाराची स्वाक्षरी असलेल्या पुस्तकावर चष्मेवाल्यांचा. बरीच वर्षं एकमेकांना चहा पाजून झाल्यावर अखेर अदलाबदल ठरली. रविवारी संध्याकाळी न्यायाधीश येणार होते.

ते यायच्या जरा आधी चष्मेवाल्यांनी कपाट उघडलं. खंड जागेवर नव्हता! तो होता दिवाणखान्यात, मुलीकडे चार दिवस राहायला आलेल्या सासूबाईंच्या मांडीवर. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या वाचायला बसल्या की घड्याळसुद्धा हळू टिकटिकायचं.

"जावईबापू, तुम्हाला साफ गंडवलं हो त्या पुस्तकवाल्यानं!" त्या म्हणाल्या. "पहिले दोन खंड झाले माझे, आणि हा उघडते तर पानं कापलेलीच नाहीत! पण काळजी करू नका. मी लोणी लावायच्या सुरीनं कापली."

"सगळी?"

"एकूण एक!"

"कापली!" चष्मेवाल्यांनी टाहो फोडला. "आई, सुरीनं कापली हो!"

स्वयंपाकघरात बायकोला एवढंच ऐकू गेलं. आई, सुरी, कापली! तिनं शेजारच्या डॉक्टरांना फोन लावला. "धावत या! आईला सुरी लागली!"

डॉक्टर एका पायात चप्पल, एका पायात बूट असे धावत आले. पाहतात तो सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागलेली, आणि मागे जावई डिंकाची बाटली घेऊन उभा. "आई, द्या ना तो खंड! अजून चिकटवता येईल!"

"कुठे लागलंय बाई तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय? तिकडे तो बुडतोय!"

"कोण?"

"धाकटा भाऊ! आणि थोरला मेला दीपगृहाचं दार लावून बसलाय!"

"अरे बापरे!" डॉक्टर फोनकडे झेपावले. "अग्निशामक दलाला बोलावतो!"

"अहो डॉक्टर," बायको गोंधळून म्हणाली, "पण आईला भाऊच नाही!"

तेवढ्यात बेल वाजली. दारात न्यायाधीश, काखेत स्वाक्षरीचं पुस्तक. चष्मेवाल्यांनी मान खाली घालून एका दमात सगळं सांगून टाकलं. न्यायाधीशांचा चेहरा निकाल वाचताना व्हायचा तसा झाला. ते मागे वळले.

"थांबा!" आतून सासूबाई कडाडल्या. "दार लावा, वाऱ्यानं पानं उडताहेत. इथे पाण्यात धाकट्याचा हात सुटत आलाय!"

न्यायाधीश थबकले. "म्हणजे... धाकटा बुडतो?"

"तुम्ही वाचलेली नाही?"

"माझ्याकडे पहिल्या आवृत्त्यांचा संग्रह आहे," न्यायाधीश आरोपीच्या आवाजात म्हणाले.

"बसा!"

सगळे बसले. सासूबाई मोठ्यानं वाचू लागल्या. आणि काय तो लिहिणारा! लाट आली तेव्हा डॉक्टरांनी नकळत पाय खुर्चीवर घेतले. थोरल्यानं अखेर दार उघडून अंधारात उडी टाकली तेव्हा बायकोनं नवऱ्याचा दंड आवळला. आणि दोघं भाऊ ओलेचिंब होऊन वाळूवर पडले, एकमेकांना शिव्या देत हसू लागले, तेव्हा चष्मेवाले हमसून रडले. आपण इतकी वर्षं कुणाला मलमलीत गुंडाळून ठेवलं होतं, हे त्यांना आत्ता कळलं. ते भारावून उठले, तर खुर्चीही उठली. हातातल्या बाटलीतला डिंक बराच वेळ सांडत होता.

"काय माणूस होता!" न्यायाधीश डोळे पुसत म्हणाले. त्यांनी काखेतलं पुस्तक काढून सासूबाईंच्या हातात ठेवलं. "अदलाबदल रद्द! हे तुम्हाला. हे वाचणाऱ्याकडेच हवं."

चष्मेवाल्यांचं काळीज उडालं, पण लगेच ठिकाणावर आलं. पुस्तक सासूबाईंचं, पण स्वाक्षरी आली तर आपल्याच घरात!

सकाळी सासूबाई अंघोळीला गेल्याची संधी साधून त्यांनी हात स्वच्छ धुतले, श्वास रोखला आणि पहिलं पान उलटलं. कादंबरीकाराची ती गिचमिड, वेडीवाकडी, अमूल्य स्वाक्षरी! आणि तिच्याखाली लाल शाईत, टपोऱ्या वळणदार अक्षरात:

"लेखन उत्कृष्ट. अक्षर सुधारावे."

खाली मुख्याध्यापिकेची सही होती.