मोतीला दिलेलं आवतन

भगवानरावांचा पाय शेताच्या बांधावरून घसरला, त्याला प्लास्टर चढलं, आणि सोनाळ्यातल्या एका धडधाकट माणसाला आढ्याकडे बघत पडण्याचं काम लागलं. आढं बघून कंटाळल्यावर ते घरातल्यांवर खेकसू लागले. शेवटी त्यांच्या सुनेने, शाळेत शिकवणाऱ्या प्रतिमाने, स्वतःचा जुना मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यात लढाईचा एक खेळ होता; प्रतिमा आणि तिचा संघही तो खेळत. आपला एक योद्धा घ्यायचा, त्याला वाढवायचं आणि राक्षसांशी भिडवायचं.

"हे पाहा मामाजी, लढाई जिंकली की गुण भेटतात. थोडे ताकदीत टाकायचे, थोडे चपळाईत, थोडे बुद्धीत."

"बुद्धी कायले पायजे? औत वढाले बुद्धी लागते काय?"

"तो औत नाही वढत मामाजी, तलवार चालवते."

"खांदा मजबूत असला का सारं चालते, पोरी."

झालं! मिळेल तो गुण भगवानरावांनी ताकदीत, म्हणजे खांद्यात आणि मानेत घातला. योद्ध्याचं नाव ठेवलं मोती. मोती हा त्यांचा बैल. मागच्या उन्हाळ्यात मुलाने, उद्धवने, ट्रॅक्टर आणला आणि बैलजोडी विकली. भगवानराव तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. फक्त गोठ्याकडे जाणं त्यांनी सोडून दिलं. आता तिथे ट्रॅक्टर उभा असतो.

हा नवा मोती असा काही फुगला की विचारू नका. चपळाई औषधालाही नाही. राक्षस यायचा, दणादण मारायचा, मारून मारून दमायचा, तेव्हा कुठे मोतीची तलवार वर जायची. पण ती खाली आली की राक्षस शिल्लक राहत नसे. शेजारचा कडूबा रोज चहाच्या वेळेला हटकून हजर व्हायचा आणि मोबाइलमध्ये डोकावायचा.

"भगवान, ह्याले आता वशिंड फुटते बे!"

"नजर नको लावू. चाय पे आन जाय."

लढाई नसली की भगवानराव मोतीला खेळातल्या एका ओढ्याकाठी नेऊन नुसतंच उभं करत. तिथे हिरवंगार कुरण होतं आणि मागे निळा डोंगर, थेट खिडकीतून दिसणाऱ्या सातपुड्यासारखा. श्रावणातली दुपार, बाहेर ढगांची सावली अंगणातून सरकते आहे, हातात मोबाइल, मोबाइलमध्ये पाणी झुळझुळतं आहे. भगवानरावांचा डोळा लागे. झोपेत घुंगुरमाळ वाजत येई, दूरच्या वावरातून, हळूहळू जवळ. जाग आली की मोती तिथेच उभा. त्यांना फार बरं वाटे.

आणि मग पोळ्याचा आदला दिवस उजाडला. संध्याकाळी गावात घरोघरी खांदेमळणी सुरू झाली. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानात दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं निमंत्रण द्यायचं, हा रिवाज. भगवानरावांनी बायकोला हाक मारली.

"रुखमा, वाटीत तूप-हळद दे."

"कायले? पायाले लावता काय?"

"हाव, पायालेच."

रुखमाबाई वाटी ठेवून चुलीकडे वळल्या आणि ह्या गृहस्थाने बोटावर तूप घेऊन मोबाइलच्या काचेवर चोळायला सुरुवात केली. डावा खांदा झाला, उजवा झाला. मग काचेजवळ तोंड नेऊन ते हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तेवढ्यात बोट सटकलं आणि मोबाइलमधून रणशिंग वाजलं. मोतीने हुंकार भरला, असं समजून भगवानराव खूश झाले.

प्रतिमा आली, मोबाइल उचलला, तो हातातून निसटला.

"मामाजी, हा मोबाइल हाये का पुरणपोळी?" तिने पदराने काच पुसली आणि तिचं तोंडच उतरलं. "अवो, तुम्ही मोतीले आमच्या संघाचा सेनापती केलं!"

"मंग चांगलंच झालं की."

"काय चांगलं झालं? उद्या दुपारी आमच्या संघाची मोठ्या राक्षसाशी लढाई हाये. सेनापती आला नाही तर त्याची सारी ताकद जाते. मोती पुन्हा पहिल्यासारखा काडी पहेलवान! निम्म्याहून जास्त योद्धे गैरहजर असले तरच लढाई रद्द होते, आन आमचे लोक तर एक लढाई सोडत नाहीत."

"उद्या पोळा हाये."

"मले काय माहीत नाही?"

"पोळ्याच्या दिवशी खांद्यावर जू नाही ठेवत."

"जू कुठी हाये मामाजी? तलवार हाये!"

"एकच झालं." भगवानराव भिंतीकडे बघत राहिले. "एक मोती इकला तवा माह्या तोंडातून शब्द नाही निंघाला. आता ह्याले आवतन देऊन बसलो. आवतन देऊन कामाले जुपू काय? जाऊ दे त्याची ताकद. म्या पुन्हा वाढवीन."

दारात उभ्या असलेल्या रुखमाबाई तुपासाठी भांडायला आल्या होत्या. त्या न भांडताच परत गेल्या.

प्रतिमाचा संघ म्हणजे तिच्याबरोबर शिकलेली मास्तर मंडळी, गावोगाव पांगलेली. तिने सगळ्यांना खरं काय ते लिहून टाकलं. आधी अकोटच्या बाईंचा निरोप आला, "हाव ना, उद्या पोळा! मग माह्याबी नाही येत. आमच्या बुढ्याले समजलं तर घरात घेणार नाही." मागोमाग खामगाव, मग वर्धा. कोल्हापूरच्या सरांनी तेवढं कळवलं, "आमच्याकडं पोळा नाही, बैलांचा सण म्हणजे बेंदूर, तो कवाच झाला. मी येतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे खाटेभोवती जमले. डोंगराएवढा राक्षस आरोळ्या ठोकत ओढ्यापलीकडच्या मैदानात आला. समोर कोल्हापूरचा एकटा शिलेदार. त्याचे सगळे गुण चपळाईत, त्यामुळे तो उगाचच टुणटुण उड्या मारत होता. शेवटी रणशिंग वाजलं. लढाई रद्द!

"वाचला मोती!" प्रतिमा ओरडली. मोती ओढ्याकाठी निवांत उभा होता. भगवानरावांनी धोतराच्या सोग्याने डोळे टिपले.

रुखमाबाई ताट घेऊन आल्या. "डबीत डोकं घालून बसता" म्हणून महिनाभर करवादणाऱ्या ह्या बाईने डबीलाच ओवाळलं आणि पुरणपोळीचा घास काचेला लावला. मग त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. रिकाम्या मैदानात राक्षस गदा खांद्यावर टाकून तसाच उभा होता.

"हा काऊन उभा हाये वं?"

"त्याले जाले कुठी जागाच नाही, आत्याबाई. रोज येते, मार खाते, उद्या पुन्हा येते."

"रोज?"

"रोज."

"आन सणावारी?"

रुखमाबाईंनी कालची वाटी ओढून घेतली, बोटावर तूप घेतलं आणि राक्षसाच्या खांद्यावर टेकवलं.

"उद्या मार खाशीलच," त्या म्हणाल्या. "आज जेव बापा."