कल्ला लाल, गाडी ताजी

नीराबाईंनी जुना टेम्पो मासळीसारखाच पारखून घेतला. आधी दिवे बघितले. डोळे स्वच्छ होते. मग टायर अंगठ्याने दाबले. घट्ट लागले. शेवटी मासळीचा कल्ला उघडून बघावा तसं बॉनेट उचलून आत वाकल्या. आत जिकडेतिकडे लाल गंज.

"कल्ला लाल हाय," त्या पुतण्याला म्हणाल्या. "ताजी गाडी हाय, विनेश. घेऊन टाक."

हे ऐकून जुन्या गाड्या विकणाऱ्या माणगावच्या शिवदास शेठने आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला चहाबरोबर बिस्कीट दिलं. मग कागदावर सही घेतली. गाडी जशी आहे तशी विकली, वॉरंटी नाही, तक्रार चालणार नाही.

हा सगळा खटाटोप गुणाजीमुळे. श्रीवर्धनजवळच्या त्यांच्या बंदरावर टेम्पो एकट्या गुणाजीचा. माणगावच्या बाजारात तो आधी आपली मासळी संपवी, मग सावकाश नीराबाईंच्या पाट्या उतरवी. तोवर बर्फाचं पाणी झालेलं असे. शेवटी अख्ख्या बंदरासमोर नीराबाईंनी सुनावलं, "तुझ्या गाडीला माझी पाटी पुन्हा लागणार न्हाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा पाट्या घेऊन नवा जुना टेम्पो निघाला. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला तर वायपर सुरू झाले. हॉर्न वाजवला तर डावं दार उघडलं. घाट लागला तसे पुढचे गियर एकेक करून निरोप घेत गेले.

"काकी, आता फक्त रिव्हर्स पडतोय."

"मग रिव्हर्समदी ने."

"उलटा? अख्खा घाट?"

"मासळीला काय कळतंय, कुठल्या अंगानं चाललीय ते!"

विनेशने टेम्पोचं तोंड घराकडे केलं आणि पाठ माणगावकडे. इतक्यात बंदराकडून गुणाजीचा टेम्पो आला. मग सगळा घाट दोन्ही टेम्पो समोरासमोर, काचेला काच भिडवून चढले. नीराबाईंनी एकदाही नजर खाली घेतली नाही.

"वैनी, टोचन लावू का? दोरी हाय माझ्याकडं!" गुणाजी खिडकीतून ओरडला.

"आमची गाडी बरोबर हाय! तूच उलटा येतोयस!"

गुणाजीने खरंच एकदा मागे वळून बघितलं.

माणगावात विनेशने टेम्पो थेट शिवदास शेठच्या दारात नेला. तिथे रिव्हर्सनेही जीव सोडला. टेम्पो फाटकाला आडवा. शेठ कागद फडकवत बाहेर आले.

"तक्रार चालणार नाही! ही बघा सही!"

"तक्रार कोण करतंय?" नीराबाईंनी मागचा फाळका खाली पाडला. "विनेश, बर्फ फोड."

जुन्या गाड्या बघायला आलेल्यांना आत शिरता येईना. ते सुरमई बघू लागले. त्यांची गर्दी बघून हायवेवरच्या गाड्या थांबू लागल्या. काय भानगड आहे म्हणून गुणाजी बाजारातून आला, तर लोकांनी त्याला रांगेच्या शेवटी पाठवलं. दहा वाजेपर्यंत नऊ पाट्या संपल्या. शेठची एकही गाडी फाटकातून आत-बाहेर झाली नव्हती.

शेवटी शेठ स्वतः मिस्त्री घेऊन आले. हात जोडून म्हणाले, "ताई, गियरबॉक्स बदलून देतो. एक पैसा घेणार नाही. अर्ध्या तासात गाडी पळायला लागेल."

नीराबाईंनी सुरमईवरची कोयती उचलून मिस्त्रीवर रोखली.

"बॉनेटला हात लावशील तर बघ! अजून सहा पाट्या हायत. चालू झाली तर इथनं हलवावी लागंल."