हेडाऊ काकाजींची कोरडी रेती

हेडाऊ काकाजी भेटले की आधी तुमच्या शर्टाची कॉलर चिमटीत धरणार, चेहऱ्याकडे नंतर बघणार. अंगठा आणि तर्जनीत कापड दोनदा चोळायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "मिसळ हाय." म्हणजे सुतात भेसळ. भंडाऱ्यात त्यांचं कापडाचं दुकान. बाप-आजे मागावर बसणारे. त्यामुळे त्यांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता आणि कानांवर तर नव्हताच. "हात लावल्याबिगर समजत नाही, गुरुजी," हे मी शेजारी म्हणून रोज एकदा तरी ऐकलेलं आहे.

लग्नपत्रिका, पानकोबी, नवरदेवाचा फेटा, काहीही त्यांच्या चिमटीतून सुटत नसे. एका मयतीत त्यांनी प्रेतावरचं कापड चोळून पाहिलं आणि "मांजरपाट पातळ देल्ला" असं इतक्या मोठ्यानं म्हणाले की रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. गोंदिया वेगळं झालं तेव्हाही त्यांचं दुःख कापडाचंच होतं. "जिल्हा फाडला, गुरुजी. काठ-पदर गेला गोंद्याले, आपल्याले नुसतं अंग राह्यलं."

बायकोला, आमच्या सुमनकाकूंना, त्यांनी उभ्या जन्मात नागपूरच्या पलीकडे नेलं नव्हतं. "तिथं काय हाय जे इथं नाही?" एवढ्यावर विषय संपे. म्हणून आमच्या गावच्या एका टूरवाल्यानं मे महिन्यात राजस्थान आणि दीवची सहल काढली आणि यादीत माझ्या आणि बायकोच्या नावांच्या वर हेडाऊ पतिपत्नींची नावं दिसली, तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"काकाजी, तुम्ही कसे काय?"

"रेती पाहाची हाय."

"रेती? वैनगंगेत काय कमी आहे?"

"ते ओली हाय. मले कोरडी पाहाची हाय."

"पण मे महिना आहे. ऊन केवढं असेल!"

"म्हणूनच तं."

वरठी स्टेशनवरून गाडीत बसलो. काकाजींनी घरच्या चार चादरी बांधून घेतल्या होत्या, कारण लॉजच्या चादरी मिसळ असतात. जोधपूरला एका दुकानात त्यांनी बांधणी अर्धा तास चोळली आणि रंग जाणार असं दुकानदाराला त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर समजावून सांगितलं. त्यानं आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. काकू रस्त्यावर पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला वाटलं, चला, सहल मजेत होणार.

जैसलमेरच्या पुढे वाळवंटात आमचा मुक्काम होता. त्या दिवसांत तिथं फक्त उंट आणि भंडाऱ्याची माणसं. दुपारी सगळे तंबूत कूलरसमोर आडवे पडलो होतो. मला सहज जाग आली तर काकाजींची खाट रिकामी. त्यांच्या चपला तंबूच्या दारात. बाहेर पाहतो तर शंभर पावलांवर, भर उन्हात, काकाजी अनवाणी उभे.

"काकाजी, पाय भाजतील!"

"भाजूनच राह्यले."

"मग या ना इकडे!"

"थांबा, गुरुजी. किती वेळ उभं राह्यता येते ते पाहून राह्यलो."

मी धावत जाऊन त्यांना ओढत आणलं. तळव्यांवर फोड आले होते. काकू खोबरेल लावायला बसल्या. "काहून केलं असं?" त्यांनी हळूच विचारलं. काकाजींनी तंबूच्या कनातीकडे तोंड फिरवलं. तिचं कापडही चोळलं नाही.

संध्याकाळी मंडळी उंटावर बसायला गेली. काकाजी झोपले होते. बाहेर बाजेवर काकूंनी मला आणि बायकोला सांगितलं.

"आमचा सुधीर असाच रेतीत काम करते ना, गुरुजी."

सुधीर माझा विद्यार्थी. त्यांचा एकुलता एक. वेल्डर होऊन तो दुबईला गेला, हे मला माहीत होतं. कसा गेला, ते माहीत नव्हतं.

"हे म्हणत होते, दुकानात बस. तो म्हणे, जातो. तं हे रागात बोलले, गेला तं पुन्हा या दारात पाय ठेवू नको. हे बोलून मोकळे झाले. त्यानं खरं धरलं. सहा वर्सं झाली."

सुधीर दर रविवारी आईला फोन करी. तेवढा वेळ काकाजी आत जाऊन घडी केलेले तागे पुन्हा उलगडून घडी करत.

"फोन झाला का माझ्या तोंडाकडे पाहत राह्यतेत," काकू म्हणाल्या. "मी काही सांगत नाही. मलेबी राग हाय."

तिथून दीवला आलो. समुद्राला लागून रिसॉर्ट, निळा पोहण्याचा तलाव, रंगीत छत्र्या. मंडळी लाटांत किंचाळत होती. काकाजी पायमोजे घालून लंगडत किनाऱ्यावर आले आणि नारळवाल्याला म्हणाले, "भैया, दुबई किधर है?"

नारळवाल्यानं कोयत्यानं समोरचा अख्खा समुद्र दाखवला. काकाजींनी खुर्ची थोडी उजवीकडे वळवली आणि बसून राहिले. जेवायला उठले नाहीत.

तो रविवार होता. दुपारी काकूंचा फोन वाजला. त्या नेहमीसारख्या दोन पावलं बाजूला गेल्या. समुद्र पाहिला, उंट पाहिले, तब्येत बरी, असं चाललं होतं. काकाजी उठले नाहीत. समोर पाहतच त्यांनी हात पुढे केला. काकू बोलता बोलता थांबल्या. मग त्यांनी त्या हातात फोन ठेवला.

काकाजींनी तो कानाला लावला. पलीकडून "आई? आई?" चाललेलं मला ऐकू येत होतं.

"पायात काय घालते तिथं?" काकाजींनी विचारलं.

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "बूट हायेत, बाबा. कंपनीचे."

"बरं."

फोन काकूंकडे परत गेला. सहा वर्षांत बाप-लेक एवढंच बोलले. पण काकू त्या दिवशी गुडघाभर पाण्यात गेल्या आणि माझ्या बायकोचा हात धरून, लुगडं भिजलं तरी, बाहेर येईनात.

सुधीर लगेच परत येईल असं आम्हाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. सुटी मिळत नव्हती. पुढच्या थंडीत काकू गेल्या. दोन दिवसांचा ताप, बस. सुधीर पोहोचला तेव्हा तिसरा दिवस होता.

तो रिक्षातून उतरला आणि फाटकाबाहेरच थांबला. केस पिकले होते. आतून बायकांचा रडण्याचा आवाज आला, कोणी "ये बाबा, ये" म्हणालं, तरी तो आत पाय ठेवेना. बॅग हातात धरून खाली पाहत उभा राहिला.

काकाजी ओसरीवरून उठले. मला वाटलं, आता काही तरी बोलतील. ते आत गेले आणि पाण्याची बादली स्वतः उचलून, भिंत धरत धरत, फाटकापर्यंत आले.

"बूट काढ," ते म्हणाले.

"बाबा, राहू द्या. मी घेतो."

"काढ."

सुधीरनं बूट काढले. काकाजी वाकले आणि लोट्यानं त्याच्या पायांवर पाणी घालू लागले. आधी एका पायावर, मग दुसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. बादली रिकामी होईपर्यंत दोघांपैकी कोणीच वर पाहिलं नाही.