मेश्रामकाका आणि हिवाळ्याचं रबर

गेल्या डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी जेवणाची ताटं मांडायच्या जरा आधी, अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या मराठी मंडळात प्रल्हाद मेश्राम या माणसावर अन्याय झाला. भर सभेत त्यांच्या हातातला माईक काढून घेतला गेला. कारण काय? तर गाजरहलवा थंड होत होता.

मी तिथे होते, म्हणून लिहिते आहे.

मेश्रामकाकांना आभार मानायला सांगितलं होतं. मंडळातलं सगळ्यात निरुपद्रवी काम. चार नावं घ्यायची, टाळ्या घ्यायच्या, ताट घ्यायचं. काका उठले, दारामागे गेले आणि एक अख्खा टायर गडगडत स्टेजपर्यंत घेऊन आले. तो आडवा पाडला, त्यावर एक पाय ठेवला आणि म्हणाले, "आभार मानाले माणूस जिता पाहिजे. अन् जिता राहाले टायर पाहिजे. तर पहिले टायरचं पाहू, मंग आभार."

लोक हसले. काकांना वाटलं, सभा रंगात आली. साधं रबर थंडीत कसं कडक होतं आणि हिवाळ्याचं रबर कसं मऊ राहतं, हे सांगून ते म्हणाले, "आता दुसरी गोष्ट, अन् हे पहिलीपेक्षा मोठी..." तेवढ्यात मंडळाचा सेक्रेटरी अमोघ पुढे आला. "काका, मस्त! बाकीचं ग्रुपवर टाका ना," असं गोड बोलून त्याने माईक घेतला. दुसरी गोष्ट काकांच्या तोंडातच राहिली.

काकांनी बाकीचं खरंच, तिथेच खुर्चीत बसून, ग्रुपवर टाकायला घेतलं. आधी प्रस्तावना, मग रबराचा इतिहास, मग एका टायरचा फोटो पाच बाजूंनी. दुसऱ्या गोष्टीपर्यंत पोचायच्या आत अमोघने त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. म्हणजे आधी सांगायचं ग्रुपवर बोला, आणि बोलले की ग्रुपबाहेर! याला मराठीत एकच शब्द आहे: मुस्कटदाबी. मी तेव्हाही तो मोठ्याने म्हटला होता. लोक हलवा खात होते.

आता हा माणूस कोण, ते सांगते. मूळचे नागपूरचे. इथे येऊन पॉलिमरमध्ये पीएचडी केली, मग रबराचे पट्टे आणि नळ्या बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्म काढला, आता रिटायर झालेत. काकू काही वर्षांपूर्वी गेल्या. घर मोठं, माणूस एकटा, डोक्यावर मरून रंगाची माकडटोपी. ऑक्टोबर संपत आला की काका कुठल्याही पार्किंग लॉटमध्ये वाकलेले दिसतात. अनोळखी गाडीच्या टायरमध्ये अंगठ्याचं नख रुतवून बघतात आणि उशिरा पोचलेल्या डॉक्टरसारखी मान हलवतात. "हे रबर नाई. हे लाकूड हाय."

ते कुणाला कसे आहात असं विचारत नाहीत. "चारही बदलले का?" असं विचारतात. एका बारशाला बाळाच्या हातात चांदीचा वाळा ठेवून ते बापाला म्हणाले, "कारसीट घेतली? छान केलं. टायर?" ऑल व्हील ड्राइव्हची फुशारकी मारणाऱ्या एकाला त्यांनी शांतपणे सांगितलं, "बरं हाय. मंग चारही चाकं संगंच घसरतीन."

माझी त्यांची ओळख इंडियन ग्रोसरीच्या दारात झाली. मी इथे मातीवर संशोधन करते. त्यासाठी डोंगरापलीकडच्या शेतांवर सारखं जावं लागतं, म्हणून एक जुनी गाडी घेतली होती. पिशव्या घेऊन बाहेर आले तर माकडटोपीतला एक माणूस माझ्या चाकाशी बसलेला.

"ओ! काय चाललंय?" मी रागाने मराठीतच ओरडले.

माणूस आनंदाने उभा राहिला. "मराठी हाय का तू? मंग सांगाले सोपं. पोरी, तुझा टायर मेला."

दुसऱ्या दिवशी ते मला टायरच्या दुकानात घेऊन गेले. काका दारातून आत येताच काउंटरवरच्या गोऱ्या पोराने कुणाला तरी हाक मारली आणि स्वतः आत निघून गेला. काकांना ते मानाचं लक्षण वाटलं.

मला खिळेवाले टायर हवे होते. दिसायला दणकट, रस्त्याला दरारा बसेल असे. काकांनी खिळ्यावरून बोट फिरवलं. "मी खोटं नाई बोलणार. ओल्या, गुळगुळीत बर्फावर हा जिंकते. पण तुझा अर्धा हिवाळा कोऱ्या डांबरावर जाईन. तिथं खिळा रस्ता खाते, अन् तुझे कान बी."

मग त्यांनी बिनखिळ्यांचा टायर खाली काढला. नाकाला लावून वास घेतला. दुकानातलं एक जोडपं दोन पावलं मागे सरकलं. "पाह्य, ह्या बारीक बारीक चिरा. चाकाखाली बर्फावर पाण्याचा पातळ थर येते, घसरते माणूस त्याच्यावरच. ह्या चिरा ते पाणी पेतेत. अन् रबर मऊ, म्हणून धरून राहते. इथं बाजूले तीन शिखरांचा डोंगर छापला हाय, त्याच्यात बर्फाची फुली. हे नसन तर घेऊ नको. बाकी नुसती अक्षरं कोणीबी छापते."

"काका, मग दोनच घेऊ. गाडी पुढच्या चाकांवर चालते ना."

काका थांबले. मी त्यांच्या घराण्याबद्दल काहीतरी बोलले असावे, असा चेहरा. "पुढचे पाय धरतीन. मागचे कुठं जातीन, त्याईले विचारलं का तू? ब्रेक मारशीन तं मागचं धूड पुढं येऊन तुलेच पाहीन. चार! चारच!"

मी चार घेतले. पहिल्याच हिमवर्षावात डोंगर चढले, उतरले, मातीचे नमुने घेऊन आले. गाडी खाली लावल्याबरोबर काकांना फोन केला. ते पलीकडून इतकंच म्हणाले, "हाव ना." पण ते असं म्हणाले, की मी फोन ठेवल्यावरही हसत होते.

यानंतर काही आठवड्यांनी तो माईकचा प्रकार झाला. आणि आता ऐका, न्याय कसा होतो ते.

जानेवारीत मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम होता. हॉल टेकडीवर. चढ संपला की रस्ता वळत जरा खाली उतरतो, तिथे पार्किंग. काका ग्रुपमध्ये नसल्यामुळे त्यांना निमंत्रण नव्हतं. मी म्हटलं, आपण बहिष्कार टाकू. काका म्हणाले, "काऊन? तिळगुळाशी काय भांडण हाय आपलं?" आणि येतो म्हणाले.

सकाळपासून बर्फ पडत होता. मी माझी गाडी वर लावून चढाच्या माथ्याशी चालत आले, तर खाली सगळं मंडळ अडकलेलं. गाड्या जागच्या जागी चाकं फिरवत होत्या. पैठणीवर जाडजूड जॅकेट घातलेल्या बायका कडेला उभ्या होत्या, आणि एक मुलगा इंग्रजीत पुन्हा पुन्हा ओरडून विचारत होता की आपण घरी जाऊ शकतो का.

तेवढ्यात अमोघची गाडी आली. मागे त्याची पुण्याहून आलेली आई, मांडीवर लाडवांचा डबा. गाडी सरसर चढली. अमोघने काच खाली करून हात हलवला. "विंटर टायर्स, यार! परवाच टाकले!" म्हणजे काकांचं भाषण त्याने ऐकलं होतं. जेवढं होऊ दिलं, तेवढं. मऊ रबराची गोष्ट ऐकली आणि टायर घेतले. दुसरी गोष्ट ऐकली नव्हती, म्हणून दोनच घेतले. पुढचे.

चढ संपला, रस्ता वळला, अमोघने ब्रेक दाबला. पुढची चाकं गुणी बाळासारखी थांबली. मागची थांबली नाहीत. गाडी अगदी सावकाश, वरातीतल्या घोड्यासारखी गोल फिरली आणि पार्श्वभागाने बर्फाच्या ढिगात जाऊन बसली. आतून आईंचा आवाज आला, "अमोघ, आपण उलटे का बघतोय?"

कुणाला काही लागलं नाही. लाडूही शाबूत होते.

आणि मग खालून मेश्रामकाकांची जुनी करडी सेडान आली. घसरली नाही, कुरकुरली नाही. माझ्याजवळ थांबली. काच खाली झाली. "खाली किती लोक हायेत? चल, तीन तीन नेऊ."

त्या दुपारी काकांनी अख्खं मंडळ वर वाहून नेलं. मी पुढे बसून म्हाताऱ्यांना हात देत होते, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलं. काका मुद्दाम हळू चालवत होते, हे मी शपथेवर सांगते.

"काका, जरा लवकर घ्या ना."

"बर्फावर घाई नाई. तं कुठं होतो आपण? हां, रेणू."

बोलणं मध्ये तोडणार कोण? दार उघडून उतरणार कुठे? प्रत्येक खेपेला काका मागच्या खेपेत जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू करत. खेपेतली माणसं वेगळी आहेत, याने त्यांना काही फरक पडत नव्हता. त्यामुळे हॉलमध्ये एकेका टोळीकडे व्याख्यानाचा एकेक तुकडा जमा झाला.

"तुमच्यात चिरा झाल्या का हो?"

"छे, आम्हाला नुसते खिळेच मिळाले. रेणू कुणाच्यात होते?"

शेवटच्या खेपेत वळणावर थांबून ढिगातून काढलेला अमोघ आणि त्याची आई यांना घेतलं. आई पुढे बसल्या, मी मागे अमोघशेजारी. मग अमोघ म्हणाला, "काका, पुढचे दोन नवे होते."

"पाह्यलं मी."

"चार घ्यायचे, असं तुम्ही बोलला नाहीत."

"बोलत होते," मी म्हटलं. "तेव्हा तू माईक घेतलास."

"जाऊ दे वं पोरी," काका म्हणाले. "अर्धं ऐकलं, तं अर्धी गाडी तं वर आली."

आई पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. आणि हॉलमध्ये पोचल्यावर त्यांनी लाडवांचा डबा टेबलावर आपटून जे केलं, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. "आधी यांचं होऊ द्या," त्या म्हणाल्या. "लाडू काही थंड होत नाहीत."

काका बोलले. पहिली गोष्ट, दुसरी गोष्ट, तिसरी, आणि एक चौथी जी त्यांना तिथेच सुचली. लोकांनी प्रश्न विचारले. कुणीतरी साइज लिहून घेतला. शेवटी काका थबकले, त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी डिसेंबरच्या कार्यक्रमाचे राहिलेले आभार मानले. हॉल टाळ्यांनी दणाणला. अमोघ सगळ्यात जोरात वाजवत होता, आणि ग्रुपमध्ये काकांना परत घेतल्याचा मेसेज टाळ्या संपायच्या आत आला. विजय म्हणतात तो हाच. मी तो पाहिला आहे.

पुढच्या रविवारी अर्धं मंडळ सल्ला घ्यायला काकांच्या गॅरेजमध्ये येणार होतं. मी मदतीला लवकर गेले. झाडता झाडता मागच्या भिंतीशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले चार टायर दिसले. कोरे. मोठ्या गाडीचे नव्हेत.

"काका, हे कुणाचे? तुमच्या गाडीला लहान होतील."

"सुजाताचे."

सुजाता म्हणजे त्यांची मुलगी. शिकागोला असते, तिथे नोकरी करते, एवढंच मला माहीत होतं.

"तिची आई गेली, त्याच्या नंतरचा हिवाळा," काका म्हणाले. "फोनवर म्हणली, बाबा, रोड्स आर बॅड, माझे टायर काही बरोबर नाईत, नाई जमणार यायले. आता टायरचं म्हणली ना ती. टायरचं तं मले समजते. आणून ठेवले."

"मग?"

"मंग तिनं गाडी बदलली. हे बसत नाईत आता. नव्या गाडीचा साइज विचारतो मी मेसेजवर." काका हसले. "अंगठा येते तिचा. तो अंगठ्याचा फोटो असते ना, तो."

त्यांनी प्लास्टिक जरा बाजूला केलं आणि रबरात नख रुतवून पाहिलं. बराच वेळ. "अजून मऊ हाय. पण हे पडल्या पडल्या बी कडक होते, पोरी. वापरलं नाई तरी होते."

मी म्हटलं, तिचा नंबर द्या, मी बोलते. मला भांडता येतं. ते म्हणाले, "नाई. हे भांडून आणाची गोष्ट नाई." बाहेर अमोघच्या गाडीचा हॉर्न वाजला. काकांनी प्लास्टिक नीट खोचलं, माकडटोपी ओढली आणि ओरडले, "ये बे! चारही आणले का?"

सुजाताशी भांडायला मला मनाई आहे. तुमच्याशी नाही.

रस्ते वाईट आहेत, असं सांगून तुम्हीही कुठल्यातरी घरी जायचं टाळलं आहे. तिथे आज फोन लावा. मेसेज नाही, अंगठा नाही, फोन. विचारा, "बाबा, टायर कोणते घेऊ?" आणि त्यांचं सांगून होईपर्यंत मध्ये एक शब्द बोलू नका. मग ते सांगतील ते चार टायर घाला आणि निघा.