जागच्या जागी पळालेली मयुरी

नकाशावरून लबाडी हुंगणारा माणूस जळगावात एकच, आणि तो आपण, याबद्दल भूपेंद्रभाऊंना तिळमात्र शंका नव्हती. नजर घारीची, बुद्धी कोल्ह्याची. गुडघे तेवढे माणसाचे, आणि तेही दुखरे. रविवारच्या शर्यतीत मात्र त्यांनी शेवटचे दोन किलोमीटर हरणासारखे काढले होते. तसं त्यांचं घड्याळ म्हणत होतं, आणि घड्याळाच्या शब्दाबाहेर भाऊ जात नसत. धावणाऱ्यांच्या क्लबाने त्यांना निकाल तपासनीस नेमलं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं.

शर्यत अशी, की ज्याने त्याने आपापल्या गावी दहा किलोमीटर पळायचं आणि मनगटावरच्या घड्याळातली नोंद पाठवायची. बायकांत असोद्याची मयुरी पहिली आली. पण तिची नोंद दहावर थांबेचना! पुढे ती मोटरसायकलच्या वेगाने सुटली, एका वावरात शिरली आणि तिथे एकाच जागी हजारो पावलं टाकत राहिली.

"घड्याळ शिलाई मशीनला बांधलंय!" भाऊ कडाडले.

"वावरात मशीन?" लसूण सोलता सोलता त्यांच्या बायकोने, सुनंदाबाईंनी विचारलं.

"मग शेळीच्या गळ्यात."

"शेळी मोटरसायकलवर बसली?"

"म्हणजे टोळी आहे," भाऊ समाधानाने म्हणाले.

भाऊंच्या संशयाची बातमी असोद्यात पोचली, आणि दुपारी मयुरीला घेऊन तिचे वडील गिरधर आबा आले. "भाऊ, पोरगी खोटी निघाली तं सांगा. आजपासून तिचं पयनं बंद."

"मी खरंच पयाली व्हती, भाऊ. इचारा ना काय इचारायचं ते," मयुरी रडवेली झाली.

"तपासनीस प्रश्नही स्वतःला विचारतो आणि उत्तरंही स्वतःच देतो," भाऊंनी बजावलं. बापलेक गेले. पोरीचा चेहरा पाहून भाऊंनाही वाईट वाटलं, पण न्याय म्हणजे न्याय.

सुनंदाबाईंनी नकाशात डोकावलं. "अहो, हे तं आपलंच वावर!"

भाऊ त्या वावरात फक्त भरीत खायला जात, आणि जाता-येता जीपमध्ये झोपत.

"रविवारच्या पार्टीले मीच बोलावलं व्हतं तिले. पयनं झाल्याबरोबर भावाच्या मोटरसायकलवर आली, अन् भरतासाठी लाकडाच्या बडगीत भाजलेली वांगी ठेचत बसली. मनगट हाललं, घड्याळाले वाटलं पाय. बंद कराचं राह्यलं अशीन. अन् ते भरीत तुम्ही तीनदा वाढून घेतलं!"

भाऊ घाईघाईने लसूण सोलू लागले.

"अन् आठव्या किलोमीटरले गुडघा धरून जीपमध्ये कोन बसलं व्हतं?"

"मनाने पळतच होतो," भाऊ पुटपुटले.

संध्याकाळी बक्षीस समारंभात त्यांनी माईक घेतला. "एक नोंद खोटी निघाली आहे." आबांनी मयुरीच्या बुटांकडे पाहिलं. मयुरीने डोळे मिटले. भाऊंनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "ती माझी."

मंडप हसून लोटपोट झाला. मयुरीला कप मिळाला, आबांनी सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या आणि मग ते भाऊंजवळ आले.

"खोटं पयनाऱ्याचं पयनं बंद, असं आपलं ठरलं व्हतं ना भाऊ?"

"बंद," भाऊ म्हणाले. गुडघ्यांना तो निकाल अगदी मान्य होता.