टिपणिसांची सतरावी तक्रार

टिपणीस दिवसभर लोकांच्या तक्रारी फेटाळायचे आणि घरी येऊन स्वतःच्या लिहायचे. दुबईत, देऱ्यातल्या एका विमा कंपनीत ते क्लेम्स खात्यात होते. कुणाची साखर बोटीवर भिजली, कुणाचा कंटेनर पडला, की तो माणूस टिपणिसांच्या टेबलासमोर येऊन बसायचा आणि अर्ध्या तासाने आपल्याच हातून समुद्राचा काहीतरी गुन्हा घडलाय अशा चेहऱ्याने उठायचा. संध्याकाळी शारजाला, अल मजाजमधल्या आमच्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर, समोरच्या दारामागे टाइपरायटर खडखडायला लागला की माझी बायको म्हणायची, "बसले! आज कोणाची पाळी?"

लिफ्ट उशिरा येते, पाव वजनात कमी भरतो, समोरच्या टॉवरचा दिवा थेट उशीवर पडतो. सगळ्यांवर पत्रं. एकदा माझ्यावरही आलं. आमची दारावरची घंटा चिमणीसारखी वाजते, त्यामुळे घरात पक्षी शिरल्याचा समज होऊन मानसिक त्रास होतो, असा मजकूर होता. पत्र दाराखालून सरकवलं आणि दहा मिनिटांनी स्वतः तीच घंटा वाजवून चहाला आले. मी विषय काढला तर हात वर करून म्हणाले, "नाही रेगे, तोंडी नाही. जे काय असेल ते लेखी!" बाकीचे लोक ज्या सहजतेने 'इन्शाल्ला' म्हणत, त्या सहजतेने टिपणीस 'लेखी' म्हणत.

नव्वदीचं दशक संपता संपता या गृहस्थांनी एका मायदेशी निघालेल्या इंग्रजाकडून चाकांवरचं घर विकत घेतलं. मोटरहोम म्हणतात त्याला. बसएवढी लांब, पांढरी, अमेरिकन बनावटीची गाडी. आत दोन पलंग, शेगडी, फ्रिज, संडास-बाथरूम. इमारतीमागच्या वाळूच्या पटांगणात ती उभी राहिली तेव्हा अख्खी इमारत बघायला खाली उतरली होती.

"ह्यांना घरच्या गॅसवर चहा करता येत नाही," टिपणिसांच्या सुनंदावहिनी म्हणाल्या, "आणि आता वाळवंटात स्वयंपाकघर नेणार आहेत."

एवढी मोठी वस्तू घेतली कशाला, असं मी टिपणिसांना विचारलं. "घेतली," म्हणाले, आणि काच पुसायला लागले.

गाडी म्हणजे तक्रारींची खाण निघाली. फ्रिज फक्त दूध नासवायचा. छतावरची खिडकी उघडली की मिटायची नाही. बाहेर ताणायची कनात एकदा आपणहून उघडली आणि अख्खी गाडी वाऱ्यावर डुलायला लागली. दुसरा माणूस हतबल झाला असता. टिपणिसांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. प्रत्येक बिघाडाला क्रमांक देऊन ते कारखान्याला ऑफिसातून फॅक्स करायचे. आणि नवल म्हणजे तिकडून उत्तरं यायची! ग्राहकसेवेत डोरीन नावाच्या एक बाई होत्या. त्या टिपणिसांच्या प्रत्येक पानाला दीड पान लिहायच्या, क्षमा मागायच्या आणि बिजागरी, रबर, बटण, जे लागेल ते खोक्यात घालून पाठवायच्या. दर वर्षी कंपनीचा फॉर्म यायचा. गाडीच्या भरवशाला दहापैकी किती, कंपनीच्या मदतीला दहापैकी किती? टिपणीस गाडीला दोन देत आणि मदतीला दहा.

"गाडी भिकार आहे रेगे, पण माणसं बघा! तीस वर्षांत माझ्या तक्रारीला कुणी 'तुमच्या भावना समजू शकते' असं उत्तर दिलं नव्हतं."

सोळा तक्रारी अशा निकालात निघाल्या. सतरावी पंपाची.

या गाडीत पाण्याची टाकी खाली असते. कुठलाही नळ उघडला की पलंगाखालचा छोटा पंप घूंऽऽ करत पाणी चढवतो. नळ बंद केला की पंप गप्प. म्हणजे पंप वाजतोय याचा अर्थ कुणीतरी नळ उघडलाय. यात समजायला अवघड असं काही नाही. मला तरी तोपर्यंत वाटलं नव्हतं.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी दुपारी ऑफिसं सुटली की आम्ही दोन्ही कुटुंबं कधीकधी त्या गाडीतून वाळवंटातल्या धैदच्या रस्त्याला जायचो. मुख्य रस्ता सोडून, घाफच्या एका झाडाजवळ घट्ट जमीन होती, तिथे थांबायचो. त्या दिवशी आम्ही सगळे बाहेर खुर्च्या टाकून बसलो होतो. टिपणीस, वहिनी, मी, माझी बायको आणि आमची मुलगी मुक्ता. सूर्य टेकडीआड गेला. वारा पडला. टिपणिसांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "ऐका आता."

गाडीत पंप चालू झाला.

मी आपोआप माणसं मोजली. पाचही बाहेर. मी आत गेलो. स्वयंपाकघरातला नळ बंद, बेसिन कोरडं. बाथरूममधला नळ बंद. पायाखालून घूंऽऽ येतच होतं. मिनिटभर चाललं असेल. मग थांबलं. हुश्श म्हणून मी वळतो तो पुन्हा सुरू झालं, पहिल्याएवढाच वेळ, आणि मग थांबलं ते थांबलंच. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, हे कबूल करायला मला आज लाज वाटत नाही.

"बाबा, धिस इज सो क्रीपी," मुक्ता म्हणाली. "कॅन वी गो होम?"

टिपणीस मात्र घाबरलेले नव्हते. मान जराशी कलती करून ते ऐकत होते. मला वाटलं, तक्रार सिद्ध झाल्याचा आनंद असेल.

पुढे वर्षभरात मी तो आवाज सात-आठ वेळा ऐकला. इमारतीमागे गाडी उभी असताना कधीच नाही. तिकडे वाळूत, आणि तेही सूर्य बुडाल्यावरच. डिसेंबरात पावणेसहाला, जूनमध्ये सव्वासातला. घड्याळ बघून बिघडणारं यंत्र मी पाहिलं होतं, ऑफिसातलं झेरॉक्स मशीन तसंच होतं. पण दिवेलागणीची वेळ पाळणारा पंप?

डोरीनबाईंनी आधी कळवलं, कुठेतरी थेंब थेंब गळत असेल. टिपणिसांनी प्रत्येक सांध्याला कोरडा कागद बांधून, तो कोरडाच राहिल्याचं उलट कळवलं. मग बाईंनी लिहिलं, ऊन उतरलं की नळ्या आकसतात. टिपणिसांनी कळवलं, ऊन शारजातही उतरतं. तिसऱ्या पत्रात बाईंनी एकच प्रश्न विचारला होता. गाडीत पाणी वापरणारी माणसं एकूण किती? ते पत्र टिपणिसांनी मला वाचून दाखवलं, घडी घातली आणि त्याला उत्तर पाठवलं नाही. त्यांनी पत्राला उत्तर न देण्याची ही माझ्या माहितीतली पहिली वेळ.

काही महिन्यांनी बाईंचा शेवटचा फॅक्स आला. आपण निवृत्त होतोय, हे मॉडेलही बंद झालंय, आणि मागे एकही तक्रार उघडी ठेवायची इच्छा नाही. म्हणून दुबईच्या एका गॅरेजचा माणूस नवा पंप घेऊन येईल, सगळं फुकट.

"जिंकलात की हो टिपणीस!" मी म्हणालो.

"हो," ते म्हणाले. पण आवाजात काही जोर नव्हता. आधी धुळीचं वादळ म्हणून त्यांनी गॅरेजवाल्याला पुढे ढकललं, मग खोकला झाला म्हणून. तिसऱ्या वेळी कारणच उरलं नाही.

थॉमस नावाचा तो मल्याळी मेकॅनिक गुरुवारी दुपारी आपल्या पिकअपने घाफच्या झाडापाशी आला. बायका-मुलं आली नव्हती. टिपणीस आणि मी, दोघेच होतो. थॉमसने दोन तास गाडीचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. शेवटी बाहेरून चक्कर मारताना दाराशेजारची एक झडप उघडून तो थांबला. आत गुडघ्याच्या उंचीवर एक नळ होता. मी तो कधी पाहिलाच नव्हता. झडपेच्या आतल्या बाजूला बोटभर धूळ साचलेली, नळाचं तोंड मात्र लखलखीत, आणि त्याच्याखाली गाडीच्या अंगावरून पाणी ओघळल्याची पांढरी रेघ.

"सर, ये नल यूज होता है," थॉमस म्हणाला. "कौन यूज करता है?"

टिपणिसांनी झडपेवरची धूळ बोटाने पुसली.

"नल टाइट है. लीक कुछ नहीं. फिर भी मैं ये बाहर का लाइन बंद कर देगा, नया पंप डालेगा. दस मिनिट. उसके बाद कभी नहीं बजेगा, खलास." त्याने पाना काढला.

"नको," टिपणीस म्हणाले. "मत करो. रहने दो."

"सर, फ्री है."

"मालूम है. कागद दो."

थॉमसने कागद दिला. काम समाधानकारक झालं, या रकान्यात टिपणिसांनी खूण केली आणि सही ठोकली. थॉमसने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, नवा पंप खोक्यासकट पिकअपमध्ये टाकला आणि वाळू उडवत निघून गेला.

सतरा तक्रारींची एकूण एक पत्रं मी वाचली होती. टाकी, नळ्या, सांधे, सगळ्याची वर्णनं होती. या नळाचा उल्लेख एकाही पत्रात नव्हता.

"तुम्हाला हा नळ ठाऊक होता," मी म्हणालो.

टिपणीस गाडीच्या पायरीवर बसले. "रेगे, नळासाठीच तर गाडी घेतली."

मग त्यांनी सांगितलं. तुम्ही राहायला येण्याआधीची गोष्ट, म्हणाले. त्यांचे वडील, आप्पा, चौलहून व्हिजिट व्हिसावर दोन महिन्यांसाठी आले होते. दिवेलागणीला बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. चौलला पायरीपाशी बादली आणि तांब्या असायचा. आधी उजवा पाय, मग डावा, अगदी निवांत. इथे अकराव्या मजल्यावर दाराबाहेर सगळीकडे गालिचा, आणि न्हाणीघर पार आत. म्हातारा दारातच उभा राहायचा, वहिनी पाणी आणून द्यायच्या, आणि आप्पा ते गालिच्यावरच पायांवर ओतायचे. ओल झाली. मालकाचं टिपणिसांच्या नावाने पत्र आलं.

"आयुष्यात पहिल्यांदा माझ्याविरुद्ध लेखी तक्रार! माझं डोकंच फिरलं. ऑफिसातली चार माणसं घरी बसली होती, त्यांच्यासमोर ओरडलो. आप्पा, हे शारजा आहे, चौल नव्हे! माणसासारखं राहता येत नसेल तर येऊ नका." टिपणीस दोन्ही हातांनी गुडघे चोळत होते. "ते त्या दिवसापासून खाली फिरायलाच गेले नाहीत. बाहेर जायचं नाही, म्हणजे पाय धुवायला नकोत. शेवटचे तीन आठवडे खिडकीशी बसून काढले, रेगे."

आप्पा चौलला परत गेले. मग टिपणिसांना चैन पडेना. वर्षभराने ही गाडी दिसली. उंबरठ्याबाहेर नळ असलेलं, जमिनीवरचं घर! त्यांनी गाडी घेतली आणि व्हिसाचे कागद भरले. व्हिसा हातात पडायच्या आधी चौलहून आप्पा गेल्याचा फोन आला. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, सही करणारा साहेब रजेवर. टिपणीस पोचले ते चौथ्या दिवशी. वडील वारल्यामुळे ते गावी गेल्याचं मला तेव्हा कळलं होतं, पण एवढंच.

"त्यांनी ही गाडी बघितली नाही?" मी विचारलं.

"फोटोसुद्धा नाही. सांगितलंच नव्हतं. म्हटलं, आल्यावर दाखवू."

इतकी वर्षं या माणसाला मी हसत आलो होतो, नकला करून दाखवल्या होत्या. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवायला भांडं काढलं. खिडकीतून टेकडी दिसत होती. सूर्य तिच्यामागे उतरला, आणि वाळूचा रंग बघता बघता राखाडी झाला.

पलंगाखाली पंप सुरू झाला.

माझ्या हातात भांडं तसंच राहिलं. बाहेर झडपेच्या बाजूला पाणी वाळूत पडत असल्यासारखा बारीक आवाज येत होता. मी खिडकीशी गेलो नाही. टिपणीस पायरीवरून उठल्याचं मात्र मला दारातून दिसलं. हँडलवर वाळत टाकलेला पंचा त्यांनी उचलला, दोन्ही हातांवर धरला, आणि गाडीला वळसा घालून ते त्या बाजूला गेले.

"सावकाश होऊ द्या, आप्पा," ते म्हणाले. "पाणी भरपूर आहे. टाकी भरून आणलीय."